टोस्टने नक्की काय खाल्लं?

सकाळचे साडेसहा वाजले होते. पहिली भट्टी उतरली होती आणि बेकरीवाले काका पावांचे ट्रे फडताळात सरकवत होते, तेवढ्यात मागच्या दारातून टोस्ट आत आला. टोस्ट म्हणजे त्यांचा कुत्रा, कडेने जरा जास्तच भाजल्या गेलेल्या पावाच्या रंगाचा. त्याच्या तोंडातून एक शेपूट लोंबत होतं. कुत्र्याचं शेपूट मागच्या बाजूला असतं, एवढं प्राणिशास्त्र काकांना ठाऊक होतं.

"अरे सोड! टाक आधी ते!"

टोस्ट आज्ञाधारक होता, फक्त आज्ञा पाळायची पद्धत त्याची स्वतःची होती. त्याने एक आवंढा गिळला. शेपूट गेलं. मग त्याने काकांकडे पाहून, आता यानंतर काय, अशा अर्थी जीभ बाहेर काढली.

काका मटकन पिठाच्या पोत्यावर बसले. त्याला कारण होतं. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी याच पोत्यांच्या मागे उंदरांचं औषध ठेवलं होतं, निळ्या वड्यांचं, तेही दोघांपासून लपवून. एक म्हणजे गिऱ्हाइकं, कारण दुकानाच्या काचेवर काकांनी स्वतःच्या हाताने 'आधी स्वच्छता, मग पाव' असं रंगवलं होतं. दुसऱ्या काकू, कारण घरात कुत्रा आहे तोवर विषाची पुडी उंबऱ्याच्या आत येता कामा नये, अशी त्यांनी ताकीद दिली होती. पाकिटावर लाल अक्षरांत लिहिलेलंही काकांना आता आठवलं. औषध खाल्लेला उंदीर दुसऱ्या प्राण्याने खाल्ला, तर त्याच्याही जिवाला धोका.

"काय झालं हो? बसलात का असे?" गल्ल्यावरून काकूंनी विचारलं.

"टोस्टचं पोट बिघडलंय. डॉक्टरीणबाईंकडे नेऊन आणतो."

"पोट बिघडलंय? मग तो बनच्या ट्रेकडे असा का बघतोय?"

उत्तर द्यायला काका थांबलेच नाहीत. त्यांनी सायकलच्या मागच्या खोक्यातले पाव बाहेर काढले, टोस्टला आत बसवलं आणि टांग मारली. टोस्टला आयुष्यात पहिल्यांदाच पावाच्या जागी बसायला मिळालं होतं. रस्त्याने जाणाऱ्या येणाऱ्याकडे तो मोठ्या ऐटीत बघत होता.

गुरांचा नि कुत्र्यामांजरांचा तो दवाखाना सात वाजताच उघडायचा. दवाखाना कसला, दोन खोल्या आणि मध्ये एक पडदा. बाहेरच्या बाकावर शाळेतल्या मास्तरीणबाई टोपलीत मांजर घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी पोस्टमन पिंजऱ्यात पोपट घेऊन. दोघंही काकांची रोजची गिऱ्हाइकं. आत डॉक्टरीणबाई, त्याही रोज एक गव्हाचा पाव नेणाऱ्या. म्हणजे ज्यांना काही कळू नये अशी काकांची इच्छा, ती सगळी मंडळी एका छपराखाली हजर होती.

कुत्र्याचं अन् तातडीचं म्हटल्यावर दोघांनी नंबर सोडला. काका टोस्टला घेऊन पडद्याआड गेले.

"काय खाल्लं यानं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाहेरचं काहीतरी."

"बाहेरचं म्हणजे?"

"रानातलं. टेकडीवर गेलो होतो ना, फिरायला."

"काका, तुम्ही? भट्टी सोडून?"

"आज जरा... हवा चांगली होती."

"बरं. रानातलं काय खाल्लं?"

काकांनी मनातल्या मनात सगळी जंगलं धुंडाळली आणि त्यातला सगळ्यात स्वच्छ, सोज्वळ प्राणी निवडला. "ससा," ते म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अख्खा ससा? अहो, हाडं आतड्यात रुतली तर फाडून काढावी लागतात. शिवाय सशाच्या अंगावरच्या गोचिडींमुळे असा ताप येतो की विचारू नका. केवढा होता ससा?"

फाडून, हा शब्द ऐकल्याबरोबर काकांनी सशाला आखडता घेतला. "लहानच. म्हणजे तसं बघायला गेलं तर खारीएवढा."

"मग खार होती की ससा?"

"खारीपेक्षाही लहान. बेडूकच म्हणा ना."

"बेडूक!" डॉक्टरीणबाईंनी टोस्टचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. "काही बेडकांच्या कातडीत विष असतं. लाळ गळतेय का याची?"

लाळ गळत होतीच. टोस्टची लाळ जन्मापासून गळत होती, आणि डॉक्टरीणबाईंच्या हातांना तर अजून सकाळच्या टोस्टाचं लोणी लागलेलं होतं. पण हे सांगायची काकांची छाती होईना. "बेडूक नसेल मग," ते घाईने म्हणाले. "त्याला पंख होते."

"पक्षी? जिवंत होता की मेलेला?"

"मेलेला," काका म्हणाले. आपल्या कुत्र्याने हत्या तरी केली नाही, असा त्यांचा बिचाऱ्यांचा हिशेब.

डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. "टेकडीवर पक्षी मरून पडलेत? किती? साथ असेल तर मला आत्ताच वर कळवावं लागेल." आणि त्यांनी फोन उचलला.

पडद्यापलीकडून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "पक्ष्यांची साथ आलीय का हो?" पाठोपाठ पोस्टमनने टपालाची पिशवी रिकामी करून पोपटाच्या पिंजऱ्यावर घातल्याचा खडखडाट ऐकू आला. पत्रं जमिनीवर, पोपट अंधारात, आणि तो अंधारातूनच ओरडायला लागला. मास्तरीणबाईंची मांजर टोपलीचं झाकण उडवून कपाटावर जाऊन बसली. एका उंदराच्या शेपटापायी सकाळी सव्वासात वाजता एवढं रामायण घडलं होतं. ज्याच्यामुळे घडलं तो टेबलावर शांतपणे मागचा पाय खाजवत होता.

"फोन नका करू!" काका म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला आणि काकांकडे नीट पाहिलं. "काका, ऐका माझं. प्राणी बदलला की औषध बदलतं. तुम्ही मला भलतं सांगितलंत, तर मी भलत्याच रोगावर औषध देईन आणि हा खऱ्या रोगाने जाईल. आत्ता तो अगदी ठणठणीत दिसतोय, त्यावर जाऊ नका. काही विषं तीन-चार दिवस पत्ताच लागू देत नाहीत. तुम्ही काय ते ठरवा."

काकांनी टोस्टकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी काकू सव्वा महिना इस्पितळात होत्या. तेव्हा पहाटे रिकाम्या घरातून उठून भट्टी पेटवायची काकांना भीती वाटायची. अंधाराची नव्हे, त्या शांततेची. त्या सव्वा महिन्यात हा प्राणी रोज त्यांच्या आधी उठून भट्टीसमोर जाऊन बसत असे. एक दिवस चुकला नाही. काकांनी त्याला त्याबद्दल कधी थँक्यू म्हटलं नव्हतं, कुत्र्याला कोण म्हणतं! पण ते उपकार त्यांच्या मनावर होते, आणि आता त्यांना काचेवरच्या रंगवलेल्या अक्षरांपेक्षा ते उपकार जड वाटले.

"उंदीर," काका म्हणाले. "टेकडीवरचा नाही, माझ्या बेकरीतला. आणि त्यानं विष खाल्लेलं असणार. मीच ठेवलंय, पिठाच्या पोत्यांमागे. बाई, काय वाटेल ते करा, पण याला वाचवा."

तीस वर्षं पीठ मळायच्या यंत्राच्या घरघराटावरून बोलून बोलून काकांचा आवाज मोठा झाला होता. पडद्यापलीकडे सगळं स्वच्छ ऐकू गेलं. पोपटसुद्धा गप्प झाला.

डॉक्टरीणबाईंनी लगेच उलटीचं इंजेक्शन भरलं. "अजून तास झाला नाही ना? मग निघेल बाहेर. घरी फोन करा, पाकीट मागवून घ्या. कुठलं विष ते मला कळायला हवं. रक्त गोठू न देणारं असेल तर पुढे महिनाभर गोळ्या द्याव्या लागतील."

काकांनी फोन लावला आणि दहा मिनिटांत दुसऱ्यांदा गुन्हा कबूल केला. पलीकडून काकू फक्त "आलेच" म्हणाल्या. हा शब्द त्यांनी ज्या सुरात उच्चारला, तो ऐकून इंजेक्शन आपल्यालाही मिळालं तर बरं, असं काकांना वाटलं.

टोस्टला उलटी झाली. उंदीर अख्खाच्या अख्खा निघाला. चावायचे कष्ट टोस्टने घेतलेच नव्हते. त्यापाठोपाठ एक बन निघाला, तोही अख्खा.

काकू आल्या त्या हाताला पीठ तसंच घेऊन. त्यांनी पदराआडून निळं पाकीट काढलं आणि टेबलावर आपटलं. "मोजा! सहा वड्या आहेत, सहाच्या सहा. एकीलाही दात लागलेला नाही."

"पण मी तर पोत्यामागे—"

"तुम्ही ठेवल्यात त्याच दुपारी मी उचलल्या. तुम्ही लपवलेलं मला सापडत नाही, असं एकदा तरी झालंय का?"

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला बोलला होतात?"

इथून काकूंचा आवाज जरा खाली आला. "मी पिंजरा लावलाय. सापडला उंदीर की सकाळी गुपचूप शाळेच्या कुंपणापलीकडे नेऊन सोडते. आजचा मागच्या दारातच हातून निसटला. तो यानं पकडला."

"शाळेत?" पडद्यापलीकडून मास्तरीणबाई उद्गारल्या. "अगं बाई! म्हणजे माझ्या कपाटातल्या वह्या कुरतडायचे ते तुमचे होते?"

डॉक्टरीणबाई हसू दाबत खुर्चीत बसल्या. "विषाचा प्रश्न मिटला. पण उंदराच्या मुतातून कावीळ होते, किडनी जाते, जंत होतात ते वेगळेच. पंधरा दिवस लक्ष ठेवा. लघवीचा रंग बदलला की लगेच आणा. जंताचं औषध देते, लस राहिलीय तीही टोचते. आणि काका, खरं बोललात ते बरं केलंत. पक्ष्यांच्या साथीचं मी वर कळवलं असतं तर चौकशीपायी तुम्हाला, मला आणि त्या पोपटाला आज जेवायला मिळालं नसतं."

काकांना एकदम भरून आलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना हात जोडले, मग काकूंना जोडले, आणि शेवटी कुणी बघत नाही असं पाहून टोस्टलाही जोडले. काकूंनी ते पाहिलं होतं. त्यांनी पिठाचा हात काकांच्या पाठीवर ठेवला. शर्टावर पाच पांढरी बोटं उमटली.

बाहेर मात्र मान खाली घालूनच यावं लागलं. तीस वर्षांच्या धंद्याला आज टाळं लागणार, ही काकांची खात्री होती.

"उद्यापासून माझा पाव..." मास्तरीणबाईंनी सुरुवात केली.

"बंद," काका म्हणाले. "कळतंय मला, बाई."

"बंद कशाला? दोन ठेवा. अठ्ठावीस वर्षं मी पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून घसा फोडला. आज पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं."

जमिनीवरची पत्रं गोळा करता करता पोस्टमन हळूच म्हणाला, "काकू, तो पिंजरा दोन दिवस मिळेल का? आमच्या ऑफिसात लोकांची पत्रं आधी उंदीरच वाचतात."

पडद्याआडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "त्याच्यानंतर मला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर नेहमीपेक्षा मोठी रांग होती. बातमी गल्लीभर झाली होती. काका जो येईल त्याचे आभार मानत होते. सुट्टे दिले तरी आभार, नोट दिली तरी आभार. टोस्ट दारात बसून ते आपलेच आभार आहेत असं समजून शेपूट हलवत होता.

मास्तरीणबाईंनी काचेतल्या केककडे बोट दाखवलं. "ताजा आहे ना?"

"आत्ताच काढला," हे तीस वर्षांचं पाठ असलेलं उत्तर काकांच्या जिभेवर आलं. पण अख्खी रांग त्यांच्याकडे अशा विश्वासाने बघत होती की ते उत्तर जिभेवरच विरघळलं. काकांनी कपाळावरचा घाम पुसला.

"कालचा आहे, बाई."

"मग द्या बांधून," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कालचा म्हणताय, म्हणजे परवाचा नक्की नसणार."