जैनोद्दीनभाईंची डावी पापणी

कळंबच्या बाजारात अत्तर, टोप्या आणि सुरमा विकणाऱ्या जैनोद्दीनभाईंच्या डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, तेव्हा धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज एक थेंब घालायचा, सुरमा एकदम बंद, आणि सख्ख्या भावाबहिणींचे डोळे ताबडतोब तपासून घ्यायचे. थेंब आणि सुरम्याचं भाईंनी त्याच दिवसापासून पाळलं. राहिली थोरली बहीण हमिदाबी, आणि ती कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती.

"माझ्या डोळ्याला काय धाड भरलीय?" ती म्हणे. "अजून सुईत दोरा ववते मी!"

"आपा, ह्यो आजार गुपचूप नजर खातो. कळतबी न्हाय. नुसतं तपासून तर घ्या!"

"न्हाय म्हणले ना!"

चार महिने हेच चाललं होतं. आई लवकर गेल्यावर याच बहिणीनं भाईंना लहानाचं मोठं केलं होतं. तिची नजर गेली तर, या विचारानं ते दर आठवड्याला पुन्हा तिच्या दारात उभे राहत.

अशातच एका सकाळी सून मिनाज चहा देता देता थबकली.

"अब्बा, एकाच डोळ्यात सुरमा घातला का तुमी?"

भाईंनी आरसा घेतला आणि हादरलेच. डाव्या डोळ्याच्या पापण्या लांबसडक, काळ्याभोर, वर वळलेल्या! उजवा डोळा मात्र होता तसाच, बासष्ट वर्षांचा. त्यांनी घाबरून डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"औषधाचाच परिणाम आहे," त्या हसत म्हणाल्या. "थेंब चालू ठेवा."

त्यांना हसायला काय जातंय! सुरमा विकणाऱ्यालाच डोळ्याचा आजार, हे गिऱ्हाइकाला कोणत्या तोंडानं सांगायचं? भाईंनी गप्प बसायचं ठरवलं, आणि तिथंच घोळ झाला. शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातली लक्ष्मीबाई डोळ्यात डोळे घालून उभी राहिली.

"भाई, कोणता सुरमा म्हनायचा ह्यो?"

"सुरमा न्हाय ओ, ताई."

"मग काय हाय?"

"काय न्हाय."

'काय न्हाय' म्हटलं की काहीतरी आहे, हे बाजाराला बरोबर कळतं. भाईंनी खास सुरम्यानं एक डोळा करून दाखवलाय आणि फरक कळावा म्हणून दुसरा तसाच ठेवलाय, असं संध्याकाळपर्यंत भाजीवालीही सांगू लागली. शुक्रवारपर्यंत दुकानातला सगळा सुरमा संपला. भाई हात जोडून "न्हाय ओ, न्हाय" म्हणत होते, आणि मुलगा अक्रम पलीकडे फोनवरून नवा माल मागवत होता.

मग हमिदाबी आली. दुकानाच्या पायरीवर बसली ती बसलीच.

"सख्ख्या बहिणीला साधा सुरमा, आन सोताला खास? ह्याच्यासाठी वाढवलं का रे तुला, जैनू?"

बघता बघता गर्दी जमली. भाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी गल्ल्याखालची बाटली काढून सगळ्यांसमोर धरली.

"हे बघा! काचबिंदूचं औषध हाय हे! सुरमा तर मला बंद केलाय डॉक्टरनं!"

आता दुकानाला कुलूपच लावावं लागणार, असं भाईंना वाटलं. पण हमिदाबी उठून पुढं आली.

"मग मलाबी घाल."

"आजार निघाल्याबिगर देत न्हाईत, आपा!"

"मग निघतो का बघू! चल!"

भाईंच्या हातातली बाटली पडता पडता राहिली. "कवा?"

"आत्ता!"

बहिणीचा विचार बदलायच्या आत भाईंनी जीप बोलावली. तिच्या मागोमाग लक्ष्मीबाई चढली, फुलं विकणारी सिताबाई चढली, आणि जीप येरमाळ्यावरून धाराशिवकडे सुसाट निघाली.

दवाखान्यातून लक्ष्मीबाई तोंड पाडून बाहेर आली. "माजं नॉर्मल हाय म्हनत्यात."

"माजंबी," सिताबाई सुस्कारली. "आपलं नशीबच तसलं."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"निघाला!" हमिदाबी ओरडली. "दोन्ही डोळ्यांत निघाला!"

दोघींनी तिला मिठ्या मारल्या. आत डॉक्टरीणबाई भाईंना सांगत होत्या, "वेळेवर आणलंत. नजर अजून चांगली आहे. औषध चुकलं नाही, तर वाचेल."

भाईंना रडूच आलं. पापण्यांवरून पाणी दाढीत उतरलं.

"त्यांना मात्र वेगळं औषध दिलंय. दोन्ही डोळ्यांत, दिवसातून दोनदा. तोंड कोरडं पडेल, थोडी झोप येईल."

भाईंनी डोळे पुसले. "आन पापण्या?"

"पापण्या नाही वाढणार यानं."

भाई बाहेर आले. हमिदाबी बाटली मुठीत धरून वाटच बघत होती.

"जैनू, किती दिवसांत येत्यात रे?"

भाईंनी एकदा मागच्या बंद दाराकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"येळ लागतो, आपा. पण एक येळ जरी चुकली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू!"

त्यानंतर हमिदाबीनं एक थेंब चुकवला नाही. ईदच्या दिवशीसुद्धा पाहुण्यांना थांबवून आधी डोळे वर केले. दोन महिन्यांनी तपासणीत डोळ्यांतला दाब उतरलेला निघाला, आणि त्याच संध्याकाळी तिनं भावाला अंगणात उजेडाला उभं केलं.

"बघ बरं नीट. आल्यात का?"

भाई जवळ वाकले. पापण्या होत्या तितक्याच होत्या, चार इकडे, चार तिकडे. पण त्यांच्या आतून दोन डोळे त्यांच्याकडे रोखून, स्वच्छ बघत होते.

"आल्यात की, आपा! लई झ्याक आल्यात."

"वाटलंच मला," हमिदाबी म्हणाली, आणि त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघून तिनं नाक मुरडलं. "तुझ्याहून बारीक हायत. पण दोन्ही डोळ्यांना हायत!"