मास्तरांचा पाय

"क्लासबिस काही नको! पोरीला गाडी मी शिकवणार!" घड्याळजींनी जाहीर केलं. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं होतं. "केसाएवढ्या स्प्रिंगा बसवतो मी! गाडीत असतं काय? चार चाकं नि एक भोंगा!"

"तुम्ही शेवटची गाडी कधी चालवलीत?" बायकोने विचारलं.

"ते अंगात असावं लागतं!" घड्याळजी म्हणाले आणि विषय मिटला.

लेकीच्या हातात शिकाऊ परवाना नुकताच पडला होता. दीड महिन्याने परीक्षा. गाडीही त्यांनीच हुडकून आणली. ड्रायव्हिंग शिकवणारे एक म्हातारे मास्तर वर्षापूर्वी वारले होते, त्यांची. मास्तरीणबाईंनी आतला गंजका पत्रा झाकायला जाड गालिचा अंथरून दिला होता. किल्ली देताना त्या म्हणाल्या, "जपा हं. यांचा अर्धा जीव या गाडीत होता." घड्याळजींना तेव्हा ते नुसतंच हळवं बोलणं वाटलं.

पहिला धडा बंद गोदामांच्या आवारात. सकाळची वेळ, पण धुकं असं की समोरचं गोदाम आहे की नाही याचीच शंका यावी. शटरं सगळी खाली. कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. गाडीत लवंगेचा जुना वास होता आणि आरसे दोन होते. एक चालवणाऱ्यासाठी, दुसरा घड्याळजींच्या बाजूला. पायाखाली गालिच्याला उंचवटा होता, म्हणून ते पाय आखडून बसले. लेकीने क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि धुक्यातून भिंत अंगावर आली!

"ब्रेक! ब्रेक!" घड्याळजींनी डोळे मिटले, पाय ताठ केले.

कच्चकन गाडी थांबली. भिंत वीतभर दूर होती.

"शाब्बास! बापाची लेक शोभतेस!"

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "मी ब्रेक दाबलाच नाही."

इंजिन बंद पडलं होतं. आवारात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. घड्याळजींनी आपल्या बाजूच्या आरशात पाहिलं. दोन विस्फारलेले डोळे त्यांच्याकडेच बघत होते! ते आपलेच आहेत, हे कळायला त्यांना बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर तेच. तिसऱ्या दिवशी विजेच्या खांबापाशी तेच. घड्याळजी किंचाळायचे आणि गाडी आपोआप थांबायची! आठवडाभर त्यांना झोप नव्हती. मग हळूहळू भीतीची सवय झाली. दार उघडताना ते "मास्तर, येऊ का?" असं विचारू लागले. लेकही निर्धास्त झाली. खांब आला काय, भिंत आली काय, "मास्तर आहेत ना!"

परीक्षेला चार दिवस उरले, तेव्हा घड्याळजी खाली उतरले. "आज एकटी चालव. मी समोर उभा राहतो. माझ्यापाशी येऊन थांब."

"नक्की?"

"मास्तर आहेत ना!"

धुक्यात दोन दिवे दिसले. मोठे होत गेले. घड्याळजींनी ऐटीत हात वर केला. दिवे आणखी मोठे झाले.

"मास्तर!" ते ओरडले आणि पाय जमिनीत रोवले. काही उपयोग झाला नाही! "मास्तर, अहो!"

शेवटच्या क्षणी त्यांनी बाजूच्या रिकाम्या पोत्यांवर उडी टाकली. गाडी त्यांच्या सुटलेल्या चपलेवरून जाऊन वाळूच्या ढिगात घुसली. ते लंगडत धावले. लेक स्टिअरिंग घट्ट धरून बसली होती.

"मी वाट बघत होते, बाबा," ती रडत म्हणाली. "ते दाबतील म्हणून."

घड्याळजींनी तिला पोटाशी धरलं. आपण पोरीला काय शिकवून ठेवलं, हे त्यांना आत्ता कळलं.

त्याच दिवशी बायकोने ड्रायव्हिंग क्लासच्या बाईंना बोलावून आणलं. बाईंनी गाडीत डोकावून घड्याळजींच्या बाजूचा गालिचा उचलला. खाली ब्रेक होता! दुसरा ब्रेक!

"शिकवायच्या गाडीत असतोच हा, मास्तरांसाठी," बाई म्हणाल्या. "घाबरलात की पाय ताठ करता ना तुम्ही? महिनाभर गाडी तुम्हीच थांबवलीत. पोरीला ब्रेक कधी दाबायचा ते कळणार कसं?"

"झाकण उघडून बघितल्याशिवाय घड्याळाला हात लावत नाही म्हणे! आणि इथे साधा गालिचा उचलून बघितला नाही!" बायको म्हणाली.

परीक्षा पुढे ढकलली. लेक क्लासला जाऊ लागली, गाडी मात्र मास्तरांचीच. फार गयावया केल्यावर बाईंनी घड्याळजींना मागच्या सीटवर बसायची परवानगी दिली. अट एकच, तोंड बंद.

तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तसंच धुकं पडलं. लांबवर एक सायकलवाला रस्त्यात आडवा आला. घड्याळजींनी श्वास रोखला. गाडी अलगद, काठाला होडी टेकावी तशी थांबली.

त्यांनी वाकून पाहिलं. बाईंनी पाय मुद्दाम सीटखाली ओढून घेतले होते. स्वतःच्या पायाखाली तर काहीच नव्हतं. लवंगेचा वास एकदम नाकात शिरला, अंगावर सर्रकन काटा आला.

"मास्तर?" ते पुटपुटले.

"मी दाबला, बाबा," लेक म्हणाली. "आणि जरा बाजूला सरका. आरशात नुसते तुमचे डोळे दिसतायत!"