दत्तूकाकांच्या गोऱ्या पाहुण्या

दत्तूकाका मयेकरांनी एका घड्याळासाठी घराचा माळा कापला.

समुद्रकाठच्या भाटे गावात आमच्या शेजारीच त्यांचं घर. सगळी नोकरी परदेशी बोटींच्या इंजिनरूममध्ये झाली. निवृत्त होताना लोक टीव्ही आणतात, काकांनी स्वीडनहून तीन जुनी उभी घड्याळं आणली. माणसाहून उंच, फिकट राखाडी, मान बारीक आणि पोट सुटलेलं. पहिलं आत आलं, पण माळ्याखाली उभं राहीना. काकांनी करवत घेतली. माळ्यावरच्या लोणच्याच्या बरण्या शालूकाकी आमच्याकडे घेऊन आली.

"तुझ्या काकांच्या गोऱ्या आल्यात रे विनू. बरण्यांना जागा नाय आता."

मग घराला पांढरा रंग लागला. देवांच्या तसबिरी, लेकीच्या लग्नाचा फोटो, सगळं स्वयंपाकघरात गेलं. "स्वीडनमध्ये भिंतीवर गर्दी नसते," काका म्हणत. पाहुण्याने कौतुकाने बोट लावलं, की ओरडत, "हात नको! ओरिजिनल आहे!"

खाऱ्या हवेने त्या ओरिजिनलची पार वाट लावली होती. तिन्ही घड्याळं तीन वेगळ्या वेळा दाखवायची. काका दिवसभर तेलाची कुपी घेऊन त्यांच्या पोटात डोकं घालून बसलेले. काकी वेळ मोबाइलवर बघायची.

सगळ्यात मोठं घड्याळ बोळात होतं, आतल्या खोलीतून ओटीवर येताना वळणावर. काकांनी त्याच्या पायांखाली पाचरी मारून ते जागच्या जागी बसवलेलं. केसभर हललं तरी लंबक थांबतो, म्हणायचे. काकी हातात जेवणाची ताटं घेऊन तिथून अंग चोरून, तिरकी होऊन जायची. मी एकदा म्हटलं, काका, हे ओटीवर घ्या की.

"ओटीवर वारा लागतो त्याला," काका म्हणाले.

काकी हसली. "माझा काय, मी जाते तिरकी. त्याला नको वारा."

श्रावणात एका सकाळी काकी आतल्या खोलीत गेली. छातीत दुखतंय म्हणाली, आडवी झाली, आणि डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. लेक मुंबईहून निघाली. दुपारी आम्ही चौघांनी काकीला उचललं आणि ओटीकडे निघालो. वळणावर अडलो. पुढे जाता येईना, वळता येईना. एकाने तिला जरा उभी धरायची का म्हणून विचारलं, आणि स्वतःच जीभ चावली. घड्याळाला हात लावायची कुणाची छाती होईना. सगळे काकांकडे बघत राहिलो.

काका आले. घड्याळाला कमरेत धरलं आणि ओढलं. पाचरी निघेनात. मग त्यांनी खांदा लावला. घड्याळ बोळाबाहेर तोंडावर आपटलं. काच फुटली, आतली घंटा एकदा वेडीवाकडी वाजली, लोखंडी वजनं गडगडत ओटीवर गेली. काकांनी काचा पायानेच बाजूला सारल्या. पायाला लागलं, ते त्यांना कळलंही नसावं.

"चला," म्हणाले. "सरळ न्या तिला."

आम्ही काकीला सरळ नेलं. मागून त्यांचा आवाज आला, कुणाशी बोलत होते कोण जाणे. "इतकी वर्षं तिरकी चालली. बोलली नाय एकदा पण."

दिवसकार्य झालं, लेक परत गेली. मुंबईला चला म्हणाली, पण काका गेले नाहीत. उरलेल्या दोन घड्याळांना त्यांनी किल्ली दिली नाही. घर इतकं शांत झालं, की आमच्या अंगणातून त्यांचं खोकणं ऐकू यायचं.

परवा संध्याकाळी माझ्या बायकोने त्यांना चहाला बोलावून आणलं. खुर्चीच्या कडेवर टेकून बसले, पाहुण्यासारखे. तिने आतून विचारलं, "काका, साखर किती घालू?"

काका माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "विनू, मी किती घेतो रे?"