नूरी बकरी अंतराळात गेल्याबाबत

हिंगोली जिल्ह्यात अंतराळ या विषयातला जाणकार कोण, असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगायला हरकत नाही. अजून कुणी विचारलेलं नाही, ही गोष्ट वेगळी! मी बुद्धभूषण, बी.एस्सी., फिजिक्समध्ये दुसऱ्या झटक्यात पास. सध्या ग्रामपंचायतीत संगणक ऑपरेटर. दाखले छापतो. प्रिंटर अडकला की तेवढ्या वेळात विश्वाचा अभ्यास करतो. आमचा प्रिंटर असा आहे की माझा अभ्यास फार पुढे गेलाय.

तर एका सकाळी सोनाजीच्या हॉटेलात मी जाहीर केलं, "ऐका! एका देशाच्या सरकारनं माकड अंतराळात पाठवलं आणि जिवंत परत आणलं!"

सोनाजी कप विसळत म्हणाला, "कशाला?"

उत्तर म्हणून मी मोबाईल काढला आणि दोन फोटो दाखवले. एक माकड वर जाण्याआधीचं, एक परत आल्यावरचं. मोबाईल हातोहात फिरत फकीर चाचांकडे गेला आणि तिथंच घोटाळा झाला.

फकीर चाचा चाळीस वर्षं औंढ्याच्या बाजारात बकऱ्यांचा व्यापार करतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. पण दहा वर्षांपूर्वी विकलेली बकरी वाटेत भेटली तर ते थांबून तिची चौकशी करतात. त्यांनी मोबाईल नाकाला लावला, मग हातभर लांब धरला, मग पुन्हा नाकाला लावला.

"हा जातानाचा?"

"व्हय."

"आन् हा आल्यावरचा?"

"व्हय, चाचा."

"दोन येगयेगळी जनावरं हायेत."

"चाचा, सरकारनं सांगितलंय!"

झालं! अख्खं हॉटेल हसलं. सोनाजीला तर खाली बसावं लागलं. 'सरकारनं सांगितलंय' हे वाक्य आमच्याकडे विनोद म्हणूनच चालतं. आमच्या पाण्याच्या टाकीचं काम सरकारी कागदावर तीनदा पूर्ण झालंय. टाकी तेवढी यायची आहे.

"ह्याच्या डोळ्यावर तीळ हाय," चाचा म्हणाले. "ह्याच्या न्हाई."

"वर गुरुत्वाकर्षण नसतं चाचा. सुटला असंल तीळ."

मग मी इतिहास काढला. म्हणालो, रशियानं पार साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुत्री पाठवली होती! चाचांनी शांतपणे विचारलं, "ती आली का परत?" ती परत आली नव्हती. त्या प्रश्नाला मी चहा पिऊन उत्तर दिलं.

पण विज्ञानाची बाजू अशी उघड्यावर टाकून कसं चालेल? मी उठलो आणि टेबलावर हात आपटून म्हणालो, "जनावर वर जातं आणि तेच खाली येतं, हे मी याच गावात सिद्ध करणार! उरसात! आकाशपाळण्यात बकरी बसवून!"

"पाळणा म्हंजे अंतराळ व्हय?" सोनाजी.

"पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना? तोच गोळा अंतराळात कायम असतो. शास्त्र आहे!"

चाचा म्हणाले, "चालंल. पण बकरी मी हातानं तपासणार. बदलली असंल तर उरसाच्या लाऊडस्पीकरवर तू बोलायचं, फोटो खोटा, सरकार खोटं आन् मी बी खोटा."

"तपासायचं कशाला? कानात सरकारी बिल्ला असतो. बारा आकडी नंबर!"

"बिल्ला कुणाच्याबी कानात ठोकता येतो, सायेब."

आता बकरी कुणाची? गावात कुणीच देईना. शेवटी मदीनाबी नानीकडे गेलो. नानी सत्तरीची, घरात एकटी, सोबतीला एक बकरी, नूरी. पांढरी, पुढचा एक पाय काळा. मला वाटलं नानी झाडूच उचलेल. पण नानीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ने."

"नानी, घाबरत न्हाईस?"

"बेटा, ह्या उरसात पाळणा येऊन राहिला तवापासून मला त्यात बसायचंय. बाप म्हणे पडशील. नवरा म्हणे लोक हसतील. आता पोरगं पुण्याहून फोनवर म्हणतंय, अम्मी, तुला बीपी हाय. सगळे म्हणतात वर गेलं की तकलीफ होते. पर वर जाऊन आलेलं कुणी सांगतच न्हाई. नूरी जाऊन येऊ दे. ती हसत-खेळत आली तर मी बी बसणार. ती घाबरून आली तर पुन्हा नाव न्हाई काढणार." मग माझा कान धरून म्हणाली, "आन् बदलून आणली तर तुझ्या हाफिसात ऱ्हायला येईन."

म्हणजे माकडाचा प्रश्न सुटणं सोपं होतं. खरा प्रश्न नानीच्या चकरेचा होता, आणि तो एका बकरीवर टांगलेला होता.

उरसाच्या दुपारी चार वाजता मैदान फुललं. सोनाजीनं जातानाचा फोटो काढला. नूरी आंघोळ केलेली. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोळ्यांवर चष्मा, केसांना तेल, गळ्यात ओळखपत्र. तेवढ्यात पाळण्याचा मालक फुलसिंग म्हणाला, "बकरी एकटी बसवली तर उडी मारंल. संगं मानूस पायजे."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मला उंचीची भीती वाटते, हे मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. ग्रामपंचायतीच्या गच्चीवरची सोलर प्लेट मी खालून बांबूला फडकं बांधून पुसतो. पण पुढे अख्खं गाव उभं होतं. मी बसलो. बाजूला नूरी बसली. पोरांनी दहापासून उलटे आकडे मोजले आणि फुलसिंगनं इंजिन चालू केलं.

पहिल्या चकरेत मी डोळे मिटले. दुसऱ्या चकरेत मी सगळ्या महापुरुषांची आठवण काढली. तिसऱ्या चकरेत आम्ही अगदी शेंड्यावर पोचलो आणि इंजिन 'फट्' म्हणून गप्प झालं.

खालून फुलसिंग ओरडला, "डिझेल संपलं! औंढ्याहून घेऊन येतो! ब्रेकाला कुणी हात लावू नका!" आणि मोटारसायकलला किक मारून गेला.

मी बकरीला मिठी मारली. नूरीला ते आवडलं नाही, पण तिनं समजून घेतलं. मग तिनं माझ्या खिशातला कागद खाल्ला. त्यावर माझं उतरल्यावरचं भाषण होतं. मग खिसा खाल्ला. मग कॉलर. इतकं करून ती खाली बघत रवंथ करू लागली, जणू दर शुक्रवारी येते! मी चष्मा पुसायला काढला, तो निसटला आणि पृथ्वीवर गेला.

सोनाजीला फोन लावला. "सोनाजी, मला खाली घ्या! जीव वर अडकलाय!"

खालून आवाज आले, "काय म्हणतंय?"

सोनाजी सगळ्यांना म्हणाला, "वर जीव हाय म्हणतंय!"

आणि त्यानं गावच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या गावची नूरी वर पोचली. संपर्क चालू आहे.' खाली फोटो. फोटोत नुसतं आभाळ, कारण सोनाजीला झूम जमत नाही.

दहाव्या मिनिटाला फोन वाजला. ग्रामसेविका सरिता मॅडम!

"बुद्धभूषण, कुठे आहात?"

"वर आहे मॅडम."

"वर म्हणजे? तालुक्याहून फोन आला. आपल्या ग्रामपंचायतीनं बकरी अंतराळात सोडली म्हणे! ठराव घेतला होता का? खुलासा मागितलाय. मी काय लिहू, खरं आहे का खोटं आहे?"

मी खाली बघितलं. लगेच वर बघितलं. "मॅडम, अर्धं अर्धं लिहा."

"अर्धा खुलासा देता येत नाही!" म्हणून मॅडमनी फोन ठेवला आणि पाच मिनिटांत ग्रुपवर अधिकृत संदेश टाकला : 'आपल्या गावातून कोणतीही बकरी अंतराळात गेलेली नाही. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.'

त्याआधी यावर कुणाचाच विश्वास नव्हता. पण हा संदेश आला आणि चित्र पालटलं! "सरकार न्हाई म्हणून राहिलं, म्हंजे गेली असणार!" आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरभरून लोक निघाले. एक म्हातारा दुर्बीण घेऊन आला. चष्म्याशिवायही वरून दिसत होतं की जगात या घडीला माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवणारी शेकडो माणसं आहेत आणि मला त्यातल्या एकालाही तोंड दाखवायचं नाही.

सोनाजीनं नंतर सांगितलं, गर्दीत फक्त दोघं शांत होती. चाचा एका खुर्चीवर बसून वाट बघत होते. आणि मदीनाबी नानी मान वर करून उभी होती. पाऊण तास! मी कितीही ओरडलो तरी ती माझ्याकडे बघत नव्हती. तिची नजर नूरीच्या तोंडावर होती.

फुलसिंग आला. इंजिन धडधडलं. आम्ही उतरलो. म्हणजे नूरी उतरली, मला काढावं लागलं.

चाचा उठले. त्यांनी नूरीचे दात बघितले, गुडघे चाचपले, काळ्या पायावर अंगठा घासून बघितला, कानामागे फुंकर मारली. बिल्ल्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग सोनाजीच्या मोबाईलमधला जातानाचा फोटो नाकाला लावला.

"बकरी तीच हाय," चाचा म्हणाले.

काय आरोळी उठली! मी हात वर करणार तोच चाचा पुढे म्हणाले, "पर मानूस बदलला."

"आँ?"

"फोटोतल्याला चष्मा हाय, ह्याला न्हाई. त्याला खिसा हाय, कॉलर हाय, ह्याला न्हाई. त्यो काळासावळा, ह्यो पांढराफटक. त्यो उगी बडबड करत व्हता, ह्यो गप हाय. बकरीची गॅरंटी मी देतो. ह्या पोराची न्हाई."

मी कसंबसं विचारलं, "मग चाचा, माकडाचं काय?"

"ते मी हातानं तपासलं न्हाई," चाचा म्हणाले. "पर एवढं कळलं की जनावर जाऊन येऊ शकतंय." चाचांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे नोबेल पारितोषिकच! मी तिथल्या तिथं स्वीकारलं.

तोवर मदीनाबी नानीनं नूरीचं तोंड दोन्ही हातांत घेतलं होतं. नूरी तिच्या पदराचा शेव चघळत होती. भूक शाबूत, डोळे शांत. नानीनं पदर सोडवला, कमरेला खोचला आणि थेट पाळण्याकडे चालू लागली.

फुलसिंग घाबरला. "नानी, चक्कर येईल!"

"बकरीला आली का?"

"ती जनावर हाय."

"म्हणूनच पयले तिला पाठवलं," नानी म्हणाली आणि बसली.

फुलसिंगनं पाळणा असा हळू फिरवला की जणू आत दुधाचं पातेलं ठेवलंय. नानी वर गेली. एकदम शेंड्यावर. आम्ही सगळे माना वर करून उभे. मग वरून नानी ओरडली, "धरण दिसून राहिलं रे! पानीच पानी! माझं घर बी दिसून राहिलं! एवढुसं हाय!" मग खाली येता येता, "थांबवू नको! अजून एक चक्कर!"

तिच्यामागे बायकांची रांग लागली. शकुंतलाबाई, मनकर्णा, सोनाजीची आई. साठीच्या खालची फक्त एक होती. जी ती फुलसिंगला विचारत होती, डिझेल भरपूर आहे ना. रांगेत चौथा नंबर सरिता मॅडमचा होता. त्या खुलासा घ्यायला आल्या होत्या.

"लेखी द्या," त्या रांगेतूनच म्हणाल्या. "आणि लवकर. माझा नंबर येतोय."

मी दर्ग्याच्या ओट्यावर बसून, नूरीपासून कागद लांब धरून लिहिलं :

'महोदया, दुपारी चार वाजता नूरी नावाची बकरी व एक कर्मचारी वर गेले. बकरी सुखरूप परत आली असून तपासणीत तीच असल्याचे निष्पन्न झाले आहे. सोबतचा कर्मचारी अद्याप पूर्णपणे परत आलेला नाही. सबब त्यास उद्याची किरकोळ रजा मंजूर व्हावी, ही विनंती.'