मोटारीचं गूळपाणी

"माझ्या हातातली मोटार तापणार न्हाई! सूर्य खाली उतरला तरी न्हाई!" केरबानं कुंडलच्या पारावर सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

आता इतकं मोठं बोलल्यावर पुढं काय व्हायचं ते होणारच! पण पारावरच्या एकाही माणसाला तेव्हा शंका आली नाही. केरबा नुकताच लढाईवरून आला होता. चार वर्षं मिसरच्या वाळवंटात त्यानं मिलिटरीची लॉरी हाकली होती. तो सांगायचा, "तिकडं बॉनेटवर भाकरी भाजत्यात गड्या! गोऱ्या सायबांच्या गाड्या वाफा सोडत रांगंनं उभ्या, आणि माझी एकलीच थंडगार! जनरल सायेब खाली उतरला आणि माझ्या गाडीवर हात ठिवून बघाय लागला!"

जनरल साहेबानं हात ठेवला की नाही, देव जाणे. ऐकणाऱ्यांनी मात्र तोंडात बोटं घातली.

त्यात आप्पासोंनी लढाई संपल्यावरच्या लिलावात मिलिटरीची एक मोटार घेतली. आप्पासो म्हणजे गावातले मोठे ऊसवाले. मोटार गावात आली त्या दिवशी विहिरीवरच्या मोटा थांबल्या, शाळेतली पोरं मास्तरांसकट बाहेर आली, आणि बायकांनी लांबूनच हात जोडले. काय ते दिवे! काय ती चाकं! भोंगा वाजला तेव्हा तर गावातली सगळी कुत्री ओढ्यापलीकडं गेली, ती दुसऱ्या दिवशी परतली. एवढं मोठं जनावर एका माणसाच्या पायाखाली मुकाट चालतं, हे बघून माणसं केरबाकडंही वर मान करूनच बघायला लागली.

आप्पासोंनी केरबाला बोलावलं.

"हे बघ केरबा. वैशाखात माझ्या पोराचं, मानसिंगाचं लगीन हाय, कोरेगावला. नवरदेव मोटारीतनं जाणार. गोरज मुहूर्ताच्या आत पोचिवलास, तर तू कायमचा डायव्हर. आणि वाटंत मोटार बसली तर दुसऱ्या दिशी मोटंवर यायचं, बैलांच्या मागं."

केरबाला मोट चांगली ठाऊक होती. त्याचा बाप मोट हाकून म्हातारा झाला होता, आजा मोट हाकता हाकता गेला. बैल मागं सरकले की मागं, पुढं गेले की पुढं, एवढ्याशा धावेवर सगळा जन्म! चार वर्षं चाक धरलेल्या हातांनी आता पुन्हा कासरा धरायचा? छे, छे! जीव गेला तरी नाही.

मग त्यानं लग्नाच्या दोन दिवस आधी मोटारीचा रेडेटर साफ करायला काढला. सगळा गाव जमला. केरबानं खाकी बाह्या वर सारल्या आणि देवळातल्या बुवासारखं सुरू केलं, "ऐका! इंजनाच्या पोटात जाळ असतोय. त्या जाळाभोवती पाणी फिरतंय. तापलेलं पाणी ह्या पुढच्या जाळीत येतंय, वारा खातंय, गार व्हऊन परत जातंय. जाळी तुंबली की पाणी उकळलं, आणि पाणी उकळलं की मोटारीचा दगड झाला!"

"आगं आई गं!" मागून कुणीतरी म्हणालं.

त्यानं खालची तोटी सोडली. गंजाचं लालभडक पाणी भळाभळा वाहिलं. मग चिंचेचं पाणी ओतलं, कारण आतल्या नळ्या तांब्यापितळेच्या, आणि तांब्यापितळेला चिंचेसारखं औषध नाही. पुन्हा साधं पाणी, पुन्हा चिंच, पुन्हा साधं पाणी. जाळीत अडकलेले किडे आणि उसाचं पाचट त्यानं काथ्याच्या कुंच्यानं हळूहळू झाडून काढलं. शेवटी तोटीतून असं नितळ पाणी आलं, की एका म्हातारीनं ते तीर्थ म्हणून डोळ्यांना लावलं!

इथंच थांबला असता तर गोष्ट संपली असती. पण केरबाला चेव चढला होता. आप्पासोंच्या आई, सुलाबाई, पदर सावरून कौतुकानं बघत उभ्या होत्या. केरबा म्हणाला, "आता तोटी बंद करतो. निघायच्या दिशी सकाळी पयलं पाणी मोठ्या आईंच्या हातनं घालू! शुभ असतंय!"

आप्पासोंची छाती फुगली. सुलाबाईंचे डोळे भरून आले.

आता सुलाबाईंचं एक सांगायला हवं. त्यांच्या उंबऱ्यावर आलेला जीव गूळपाणी घेतल्याशिवाय परत जात नसे. तलाठी असो, गोसावी असो. खरसुंडीच्या जत्रेत घेतलेला खोंड दारात आला, तेव्हा त्यालाही आधी गूळ, मग पाणी. नुसतं पाणी पुढं करणं म्हणजे पाहुण्याचा अपमान, असं त्यांचं ठाम मत.

निघायच्या दिवशी केरबा फेटा बांधायला घरी गेला, आणि परत आला तेव्हा सुलाबाई मोटारीपुढं दोन रिकाम्या कळश्या घेऊन समाधानानं उभ्या होत्या. बॉनेटवर हळदकुंकू होतं.

"घातलं का मोठ्या आई, पाणी?"

"घातलं रं बाबा! घटाघटा प्यालं. लय तान्हेलं हुतं!"

केरबानं झाकण घट्ट लावलं. आत वाकून बघितलं का? नाही. ड्रायव्हरसाहेबांचा फेटा सुटला असता ना!

बाकीचं वऱ्हाड बैलगाड्यांतून आदल्या दिवशीच निघालं होतं. मोटारीत पुढं केरबा आणि आप्पासो, मागं मुंडावळ्या बांधलेला मानसिंग आणि सुलाबाई. सुलाबाईंनी देवळात शिरावं तशा वहाणा बाहेर काढल्या आणि मगच आत पाऊल टाकलं. वहाणा कुंडललाच राहिल्या!

मोटार सुटली. अहाहा! तो वारा, तो धुरळा, बांधाबांधावर उभी राहिलेली माणसं! मैलामागून मैल पळत होते. पुसेसावळीला आप्पासो म्हणाले, "पाणी बिनी बघायचं का रं?" केरबा हसला. "आवं, माझ्या हातची सफाई हाय ती! कोरेगावापत्तुर थेंब लागायचा न्हाई!"

रहिमतपूरच्या पुढं वऱ्हाडाच्या गाड्या गाठल्या. केरबानं भोंगा वाजवून त्यांना असं मागं टाकलं, की पाच बैल उधळले.

पुढं चढ लागला. ऊन मी म्हणत होतं. आणि आप्पासोंनी नाक वर केलं.

"वैशाखात गुऱ्हाळ कुणी लावलंय रं?"

"कुठं?"

"वास येतोय की! ताजा गूळ." आप्पासोंचा सगळा जन्म उसात गेलेला, त्यांनी डोळे मिटून आणखी एक श्वास घेतला. "चांगला हाय. पर खाली लागाय लागलाय. गुळव्या झोपलाय जणू!"

एवढ्यात बॉनेटमधून पांढऱ्या वाफेचा लोट उठला. मोटारीनं दोन आचके दिले आणि चढावर मधोमध बसली.

केरबाचं तोंड पांढरं पडलं. तो खाली उतरला, फेट्याचा शेव हाताला गुंडाळला, झाकण हळूहळू सैल करून लांब झाला. फुस्स करून झाकण उडालं आणि आतून तांबूस फेसाचा असा काही फवारा सुटला! बघायला वाकलेल्या मानसिंगाच्या पांढऱ्या कोटावर नक्षी उठली. गालावरचा ठिपका त्यानं बोटानं पुसला, सवयीनं जिभेला लावला, आणि डोळे मोठे केले.

"आप्पा! गोड हाय!"

केरबानंही चाखून बघितलं. काकवी! चांगली घट्ट, सोनेरी काकवी! चार वर्षांत त्यानं मोटारीतून पाणी येताना बघितलं, तेल येताना बघितलं, एकदा साप येताना बघितला. पण काकवी? खरं सांगायचं तर त्याचे हात आपोआप जोडले गेले.

मेंढरं घेऊन चाललेला धुळा नावाचा मेंढका थांबला. त्यानं मोटारीतून ओघळणारी काकवी बघितली, वास घेतला आणि बॉनेटपुढं डोकं टेकवलं.

"मालक, ह्याच्यात ऊस कुठनं घालायचा?"

बघता बघता आसपासच्या वस्त्या लोटल्या. कुणी तांब्या आणला, कुणी भाकरी. एका बाईनं मोटारीला नारळ फोडला. "पेट्रोल खाऊन काकवी देतीया! इंग्रजानं काय डोस्कं चालिवलंय बघा!" म्हणत माणसं मागं सरायची आणि पुन्हा पुढं यायची. आप्पासो आधी घाबरले होते, पण गर्दी काकवीला भाकरी लावायला लागली तसे ओरडले, "ए! माझ्या मोटारीचा गूळ हाय त्यो!"

मग ते केरबाकडं वळले. "काय केलंस रं?"

"आप्पासो, शप्पत! चिंच घातली हुती. चिंचंचा गूळ कसा व्हईल?"

"मला ठावं न्हाई! मागनं गाड्या येत्यात. मोटारीची सावली त्या तारंच्या खांबाला लागायच्या आत मोटार चालू झाली तर झाली. न्हाईतर मानसिंग बैलगाडीत, आणि तू उद्या मोटंवर!"

केरबा मटकन खाली बसला. त्याला डोळ्यापुढं बैलांच्या शेपट्या दिसायला लागल्या, दोन दोन.

घुंगरं वाजली. गाड्या आल्या. पहिल्या गाडीतून गुंडातात्या उतरला. हा आप्पासोंच्या गुऱ्हाळावरचा गुळव्या. तीस हंगाम काहिलीपुढं उभा राहिलेला, मोजकं बोलणारा माणूस. मोटारीला तो आजवर घाबरून लांबच असे. पण वास नाकात गेला आणि गडी सरळ गर्दी फोडून पुढं आला. त्यानं काडी आत बुडवली, थेंब गार पाण्याच्या तांब्यात सोडला, बोटांनी चोळला.

"पाक आलाय," तो म्हणाला. "गोळी धराय लागलीया. आणि थोडं निवलं की आत ढेप व्हणार. मंग ही जाळी फोडूनच काढाय लागंल."

केरबा त्याच्याकडं बघतच राहिला. इंजनाचं पोट न उघडता या माणसानं रोग सांगितला होता! मिसरमधल्या एकाही गोऱ्या मेकॅनिकला ही नाडी कळली नसती.

"तात्या, काय करू सांगा! तुमच्या पाया पडतो."

"पाया कशाला पडतोस? चूल पेटिव. गुळाला कढत पाण्याबिगार उतार न्हाई. पर त्यात गूळ घातला कुणी, ते आधी सांगा."

तापलेल्या रस्त्यावर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत सुलाबाई पुढं आल्या.

"म्यां घातला. पाच शेर. पाण्यात इरघळून, गाळून घातला."

"आई!" आप्पासो ओरडले.

"वरडू नगंस! घरात पयल्यांदा आलेला जीव, पयल्यांदा पाणी मागतोय, त्याला नुसतं पाणी दिऊ? आपल्या घराण्यात कुणी दिलंय? आणि पयलं पाणी माझ्या हातनं, असं हा डायव्हरच म्हणला की!"

झालं! सगळ्या माना केरबाकडं वळल्या. केरबा खांबाकडं बघायला लागला. सावली जवळ येत होती.

मग मात्र पळापळ झाली. तीन दगडांची चूल मांडली, लग्नाचे हंडे वर चढले. गुंडातात्या हुकूम सोडत होता आणि लढाईवरचा ड्रायव्हर पोरासारखा ऐकत होता. काकवी पातळ होती तोवर खालच्या तोटीतून काढली, वरून कढत पाणी, पुन्हा तोटी, पुन्हा कढत पाणी. वऱ्हाडाच्या आमटीची चिंचही त्यात गेली. तात्याला फेसातली काळी मळी दिसली तसा तो म्हणाला, "भेंडीचा रस असता तर मळी झक्कास वर आली असती!"

"तात्या, पाया पडतो, भेंडी नगो!"

नवव्या हंड्याला तोटीतून नितळ पाणी आलं. तात्यानं चाखलं, मान हलवली. केरबानं स्वतःच्या हातानं साधं पाणी भरलं. या वेळी आत वाकून बघितलं, वास घेतला, चाखलं, आणि मगच झाकण लावलं. हँडल फिरवलं. एकदा, दोनदा... घर्रर्र! खांबाला सावली लागायला चार बोटं उरली होती! माळावर असा जल्लोष झाला, की धुळ्याची मेंढरं रहिमतपूरकडं परत पळाली.

कोरेगावात मोटार शिरली तेव्हा मुहूर्ताला तासभर होता. बॉनेटवर हळदकुंकू, नारळाचं पाणी आणि वाटेत चढलेल्या दोन हजार मुंग्या. पण रेडेटर थंड! केरबानं वर हात ठेवला, जनरल साहेबानं ठेवला होता तसा, आणि त्याचा ऊर भरून आला.

मांडवाच्या दारात वधूची आजी, हरणाबाई, पुढं आल्या. डोळ्यांत नुसतं अप्रूप! मोटार त्यांनी जन्मात पहिल्यांदाच बघितली होती. मागं दोन सुना, सुनांच्या हातात कळश्या.

"थांबा वो!" हरणाबाई म्हणाल्या. "आधी हिला गूळपाणी! लांबनं आलीया बिचारी. झाकण कुठाय?"

केरबा उडी मारून मोटारीपुढं हात पसरून उभा राहिला. "आज्जी, नगो! नगो!"

हरणाबाईंचा चेहरा पडला. नवऱ्याकडच्या माणसानं दारातलं गूळपाणी नाकारलं होतं! आप्पासोंनी असे डोळे वटारले, की केरबाला पुन्हा शेपट्या दिसल्या.

तो हात जोडून म्हणाला, "आज्जी, मोटार बोलत न्हाई. तिच्या वाटचं डायव्हरनं प्यायचं असतंय. मिलिटरीचा कायदाच हाय तसा."

"असं व्हय!" हरणाबाई खुलल्या. "मंग हिला किती लागतंय?"

"दोन कळश्या," आप्पासोंच्या शेजारून सुलाबाई चटकन म्हणाल्या. "सकाळीच घातल्यात की म्यां!"

केरबा प्याला. सगळ्या मांडवादेखत, तांब्यामागून तांब्या, डोळे पांढरे होईपर्यंत प्याला. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा तो मोटारीच्या चाकाला टेकून बसला होता, आणि त्याच्या पोटात जे उकळत होतं त्याला खालून तोटीही नव्हती.

अक्षता पडल्यावर आप्पासो आले. शेजारी बसले.

"केरबा, तू कायमचा डायव्हर. पक्कं."

केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. "वेळंत पोचिवली म्हणून ना, आप्पासो?"

"छ्या! पोचिवली गुंडातात्यानं," आप्पासो उठत म्हणाले. "पर उद्यापास्नं पावण्यारावळ्यांच्या तेवीस घरी मोटार न्यायची हाय. दुसऱ्या कुणाच्या पोटात एवढं गूळपाणी मावायचं न्हाई."