अबोला आणि सिक्युअर बूट

रविवारी दुपारी कल्याणने संगणकावर गेम उघडला आणि गेमने त्याला दारातच अडवले. पडद्यावर सूचना होती: या यंत्रातले सिक्युअर बूट, म्हणजे यंत्र सुरू होतानाचे सुरक्षा-कुलूप, बंद आहे, ते चालू केल्याविना खेळता येणार नाही. लबाडीने जिंकणाऱ्यांना आळा घालायचा म्हणून गेमवाल्यांनी हा नवा नियम काढला होता. संध्याकाळी पाचला कल्याणच्या संघाचा अंतिम सामना होता, आणि एक गडी जरी कमी पडला तरी संघ बाद.

हे काम जाणणारा माणूस कुंभार पिंपळगावात एकच: भिंतीपलीकडे राहणारा चुलतभाऊ अंगद. तोच संघाचा कर्णधारही होता. अडचण एवढीच, की बांधावरच्या लिंबाच्या झाडापायी दोन्ही घरांत कैक वर्षांचा अबोला होता. झाड कधीच वठले. भांडण मात्र हिरवेगार होते. मग हे दोघे एका संघात कसे? उत्तर सरळ आहे. कल्याणने शपथ घेतली होती ती अंगदशी न बोलण्याची. गेममध्ये अंगद नव्हताच. तिथे ‘गोदाकाठचा वाघ’ होता, आणि वाघाशी बोलू नये असे कोणीही म्हटले नव्हते. आता गेमच उघडेना. त्यामुळे वाघ बेपत्ता झाला आणि उरला तो नुसता अंगद.

शेवटी कल्याणच्या आईने, नंदाबाईने, पुतण्याला हाक मारली. तिचा अबोला जावेशी होता, लेकराशी नव्हता. ओसरीवर बसलेले कल्याणचे वडील भुजंगराव गुरगुरले, “मेस्त्री म्हणून आला असंल तर येऊ दे. पुतण्या म्हणून न्हाई.”

“मेस्त्रीच हाये,” म्हणत अंगद आत आला. या घरातल्या काडीलाही हात लावणार नाही अशी त्याचीही शपथ होती. म्हणून तो खुर्चीमागे हात बांधून उभा राहिला.

“काकू, त्याला म्हणावं, बंद करून चालू कर अन् डिलीटचं बटण दाबत राहा.”

“माय, त्याला इचार, समदं पुसून गेलं मंग?”

“काकू, त्याला म्हणावं, बिलकुल पुसत न्हाई. अक्कल असती तर ठाऊक असतं.”

“न्हाई पुसत म्हणतो,” नंदाबाई म्हणाली.

“अकलेचं का गाळलंस? मला ऐकू आलंय.”

“ऐकू आलं तर मी कशाला उभी हाये हितं?”

सेटिंगचा पडदा उघडला. “काकू, आधी जुन्या पद्धतीनं चालू व्हायची सोय बंद करायची. ती हाये तवर सिक्युअर बूट बसत न्हाई,” अंगदने सांगितले. तेवढ्यात दूध उतू गेल्याचा वास आला आणि नंदाबाई स्वयंपाकघराकडे धावली. कल्याणचे बोट बटणाकडे सरकले.

“काकू! त्याला म्हणावं थांब! आधी डिस्क नव्या पद्धतीत बदलून घ्यावी लागती!”

कल्याणने हे स्पष्ट ऐकले. पण घनसावंगीला कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला, योग्य मार्गाने न आलेला निरोप ग्राह्य धरता येईना. त्याने बटण दाबले. पडदा काळा पडला तो पडलाच.

“थांब म्हणतोय,” दूध उतरवून आलेली नंदाबाई म्हणाली.

मग उलटे फिरणे आले. जुनी सोय पुन्हा चालू, डिस्क नव्या पद्धतीला आणणे, पुन्हा सेटिंग. नंदाबाईचा घसा बसला, पण सामन्याच्या तोंडावर सिक्युअर बूट एकदाचे चालू झाले.

“आता तरी बोला रे एकमेकांशी,” ती म्हणाली. दोघांनी दोन भिंती न्याहाळल्या. अंगद चहाही न घेता घरी पळाला. घटकेभरात स्पीकर कडाडला.

“अरे येड्या, थांब म्हणलं तर थांबायचं ना!”

“मला कुठं म्हणलास? मायला म्हणलास!”

नंदाबाई थक्क झाली. “हे चालतं व्हय?”

“अंगद न्हाई गं तो, वाघ हाये.”

सामना सुरू झाला. वाघामागून एका बाईचा आवाज आला, “काय रे, तिकडं चहा तरी दिला का?” ती दैवशाला, अंगदची आई.

“सरक,” नंदाबाईने लेकाला उठवले आणि खुर्चीत बसली. “दिल्ता गं दैवशाला! तुझ्या लेकानंच घेतला न्हाई!”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज, अंगदचा “आये, उठ ना!”, आणि लगेच, “गुडघा कसा हाये गं तुझा?”

पडद्यावर दोन योद्धे भर मैदानात पुतळ्यासारखे उभे होते. शत्रूला आधी त्यात डाव दिसला. मग त्याने दोघांना सावकाश टिपले.

“माय, फायनल हाये!”

“गप रे. लई बोलायचं राह्यलंय.”

ओसरीवरून भुजंगरावांचा आवाज आला, “कुणाशी बोलून राह्यलीस गं?”

नंदाबाईने माईक आणखी जवळ ओढला.

“कुणाशी न्हाई, गेम खेळून राह्यले!”