जुन्या लुगड्यांचे गाठोडे कैद जाले त्याची हकीकत

श्रीहरी. ज्याचे नामे टाळास नाद येतो आणि मृदंगास बोल फुटतो, ज्याचे कीर्तनी बैसले असता पायास मुंग्या आल्या तरी श्रोता उठत नाही, निदान उठू नये, त्या दयाळूचे पायी डोई ठेवून ही हकीकत सांगितली आहे. शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधीनाम संवत्सर, माघमास, थंडी कडाक्याची. ते समयी डोंगराचे पोटी एक राज्य होते. राज्याचे नाव पुसो नये. एकाचे सांगितले तर शेजारचे म्हणेल आमचेही लिहा. तेथे हैबतराव महाराज राज्य करीत होते, आणि त्यांच्या राणी दर्याबाईसाहेब. महाराज शूर, उदार, देवाधर्मास मानणारे, परंतु स्वभाव संशयी. पानात चुना जास्त लागला तरी विडा करणारास पुसावे, हे कोणाचे सांगण्यावरून? पायी वहाणा ऐशा की करकर वाजत, कारण महाराज येतात हे आधी कळावे आणि कोणी काही लपवीत असेल तर त्याची धांदल दिसावी, ही त्यांची मसलत.

महाराज अंगावर पीत असताच मातुश्री वारल्या. तेव्हा थोरले बंधू मानसिंगराव यांच्या स्त्री लाडूबाईसाहेब यांणी धाकट्या दिरास मांडीवर घेऊन वाढविले, हे सर्वांस ठाऊक. परंतु पुढे देवीचे जत्रेत पालखीस पुढचा खांदा कोणी द्यावा यावरून दोघां भावांत शब्दास शब्द लागला, आणि मग तरवारी अर्ध्या म्यानाबाहेर आल्या, आणि मग पुजाऱ्याने मध्येच नारळ फोडला म्हणोन त्या आत गेल्या. परंतु बोलणे बंद जाले ते बंदच. थोरले नदीपलीकडील गढीत राहो लागले आणि वहिनींचे येणेजाणे तुटले.

ऐसियास दर्याबाईसाहेबांस दिवस राहिले. यापूर्वी दोन वेळां आशा लागोन कूस रिती जाली होती, त्यामुळे वाड्यात कोणी मोठ्याने हसत नसे. आता आठवा महिना लागला. महाराजांस आनंद जाला, आणि आनंदाहून भय मोठे जाले, आणि राजाचे पोटी भय शिरले म्हणजे लोक त्यास बंदोबस्त म्हणतात. ओटीभरणाचे निमित्ते देवळात अनंतबुवा हरदास यांचे कीर्तन करविले. काय सांगावे! बुवा उभे राहिले आणि झांज वाजली की अंगावर काटा. आख्यान गोकुळचे. गोड बोलणारी मावशी नटूनथटून बाळाचे भेटीस आली, ओठास साखर आणि स्तनास विष, आणि दारी तिला कोणी अडविले नाही, येथे बुवांणी ऐसा स्वर लाविला की बायांणी आपापली लेकरे पदराखाली घेतली. आणि ऐन ते ठिकाणी महाराज उठले! राजा उठला म्हणोन राणी उठली, राणी उठली म्हणोन मंडळी उठली. आरती राहिली, बुक्का राहिला, प्रसादाचे पेढे तसेच राहिले. मृदंगी हात वर धरून बैसला तो बैसलाच. कीर्तनातून मध्येच उठू नये, ते कां, हे पुढे दिसेल.

बाहेर येताच महाराज कारभारी विसाजीपंत यांस बोलिले, "पाहिलंत पंत? गोकुळात चौकी नव्हती."

पंत बोलिले, "चौकी कसली महाराज, भेट म्हणून जे येईल ते सरळ आत. सगळा ढिला कारभार."

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे मी आहे."

मग हुकूम जाला की होणाऱ्या बाळासाठी जी जी भेट येईल ती पंतांणी पारखल्याखेरीज आत जाऊ नये. आणि भेटी तर येऊ लागल्या. एका सरदाराने चांदीचा पाळणा आणिला, चार पायांस चार सिंह, सिंहांचे दात खरेच टोचत. पंतांणी पाळणा बळकट आहे की नाही हे पाहण्यास जोत्याजी किल्लेदार, जे राज्यात अंगाने सर्वांत थोर, त्यांस आत निजविले आणि झोका दिला. जोत्याजीस झोप लागली, आणि हाका मारिल्या तरी उठेनात, आणि मग पंतांस संशय की पाळण्यात मोहिनी भारली आहे, आणि मग पाळणा जोत्याजीसुद्धा कोठीत पहाऱ्यात ठेविला. दुसऱ्याने सोन्याचा खुळखुळा आणिला. आत काय वाजते म्हणोन तो फोडिला, आत खडे निघाले, खडे कुटून पाहिले, खड्यांतून काही निघाले नाही. खुळखुळा मग वाजेना, तेव्हा संशय फिटला असे ठरून तो मंजूर जाला. तिसऱ्याने डिंकाचे लाडू पाठविले ते पारखणारांणी इतके पारखिले की परात रिकामी जाली, आणि चौकीवरचे शिपाई एकमेकांस पुसू लागले की आणखी कोणावर संशय आहे काय. बोलका पोपट आला तो हेर ठरला. आणि एकाने हातभर तरवार आणिली, मुठीस माणके, पातळ धार. तिजविषयी मात्र कोणासही काही संशय आला नाही, ती तत्काळ आत गेली.

बाईसाहेबांणी तरवार पाहिली आणि बोलिल्या, "छान. हिने लेकराचं अंग पुसू की त्याला दूध पाजू?"

ऐशात नदीपलीकडून भागाई आली. ही लाडूबाईसाहेबांची जुनी दाई, तोंडाची तिखट. डोईवर गाठोडे. वेशीत अडविली आणि भरले दरबारी, महाराजांसमोर, पंतांपुढे आणिली.

पंत पुसते जाले, "गाठोड्यात काय?"

"बायकांचं काम. बाईसाहेबांच्या हातात द्यायचं."

"कोणी पाठवलं?"

"ज्यांनी तुमच्या महाराजांचं नाक पुसलं त्यांनी."

"काय आहे ते नीट सांग."

"सांगणार नाही. पालखीच्या दिवसापासून या दरबारातल्या पुरुषांशी आमचं बोलणं बंद आहे. एवढं बोलले ते उपकार समजा."

मग गाठोडे काठीने सोडिले, कारण हात कोण लावणार? आत पाहतात तो जुनी लुगडी! विटलेली, विरलेली, काठ गेलेले, कोठे कोठे ठिगळ. त्यांचीच शिवलेली दुपटी आणि लंगोट. एक लांब पट्टी, काही पुरचुंड्या, आणि सर्वांवर कापडी तळव्यांचा मऊ जोड, पुरुषाचे मापाचा. दरबारात कुजबूज जाली. भरले दरबारी ओटीभरणास राजाचे राणीस चिंध्या! विसाजीपंत काठीने लुगडे उचलून बोलिले, "महाराज, पाहावं. अपमान तर उघड आहे, परंतु अपमानाखाली आणखी आहे. वापरलेलं कापड कशासाठी लागतं? करणीसाठी. ही लांब पट्टी कशासाठी? बांधण्यासाठी. कोणाला, ते यांना ठाऊक. आणि हे जोडे पाहा. कापडी तळवा. जमिनीवर चाहूल लागत नाही. असे जोडे घालतो कोण? चोर आणि मारेकरी. ही खूण आहे, आत कोणीतरी फितूर आहे, त्याला हे पोचायचं होतं."

महाराजांणी जोडे पाहिले आणि त्यांचा चेहरा काळवंडला. कानात बुवांचा स्वर घुमत होता, ओठास साखर, स्तनास विष. बोलिले, "मावशी दारात आली." मग हुकूम जाला की उदयीक वेशीपुढे लाकडे रचून गाठोडे जाळावे, भागाईस कोठीत ठेवावे, घोडदळाने नदीस उतार पाहून ठेवावा, आणि लाडूबाईंचे पाऊल अलीकडे दिसो नये. आणि एवढे करून महाराज करकर वाजत महालात गेले.

तेथे बाईसाहेब वाट पाहत होत्या. बोलिल्या, "अहो, जाऊबाईंकडून काही आलं म्हणतात."

"चिंध्या आल्यात."

"मळक्या की धुतलेल्या?"

"त्याचा तपास चालू आहे."

"तपास कशाला? हात लावला तर कळतं. लेकरू यायच्या आधी त्याच्यासाठी नवं कोरं आणू नये, आणि आल्यावर त्याला जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लागतं. ज्या घरात लेकरं वाढली त्या घरचं लागतं. हे कोणत्याही बाईला विचारा."

महाराज बोलिले, "राणीसाहेब, गोकुळातही सगळ्या बायाच होत्या. आणि मावशीही बाईच होती."

तेव्हा बाईसाहेबांचे डोळा पाणी आले. बोलिल्या, "मागच्या दोन्ही वेळी माझ्या उशाशी वैद्य होते, ज्योतिषी होते, दाराशी पहारे होते. जाऊबाई नव्हत्या. कोणाचा हात धरावा तर सगळे हात जोडून उभे. या वेळी त्या आल्या नाहीत तर मला धीर नाही, एवढं सांगून ठेवते."

महाराजांचे काळीज हलले, परंतु संशय हलला नाही. मग बाईसाहेबांणी डोळे पुसले आणि मसलत केली, ती ऐसी की दहा कारभाऱ्यांस सुचती ना. बोलिल्या, "मला डोहाळा लागलाय." आता गर्भिणीचा डोहाळा मोडणे म्हणजे पाप, हे राजासही बंधन. महाराज लगबगीने बोलिले, "सांगा. चिंच? कैऱ्या माघात मिळणार नाहीत, पण स्वार पाठवतो."

"कीर्तन. परवाचं राहिलेलं. अर्धं आख्यान पोटात घेऊन मी बाळंत होणार नाही."

मग दुसरे दिवशी तिसरे प्रहरी वेशीपुढेच, जेथे लाकडे रचिली होती आणि वर गाठोडे ठेविले होते, तेथे सतरंजी घातली, आणि अनंतबुवा आले. बुवांचे मोठेपण ऐसे की रुसले नाहीत, टोमणा मारिला नाही. मृदंगीने हात जेथे अडला होता तेथूनच खाली आणिला, आणि आख्यान तुटलेच नव्हते ऐसे पुढे चालिले. बाळाने विष शोषिले, आणि विषाबरोबर प्राण शोषिला, मावशी पडली. महाराज मान डोलवून पंतांकडे पाहते जाले आणि उठावयास गुडघा वर केला. बाईसाहेबांणी त्यांचा शेला धरून ठेविला. बुवा पुढे बोलिले, "आणि मग देवाने तिला गती कोणती दिली? नरक दिला? नाही. माझ्या मायबापांनो, तिला आईची गती दिली! देव म्हणाला, विष तिचं होतं ते मी पिऊन टाकलं. पण मला छातीशी धरलं, ते मी कसं विसरू?" एवढे बुवा बोलिले, आणि झांजा मंद जाल्या, आणि श्रोत्यांत एकही डोळा कोरडा राहिला नाही, विसाजीपंतांचा धरून. ते मात्र पुसत होते की डोळ्यांत हा धूर कोठोन आला, लाकडे तर अजून पेटविली नाहीत.

आरती जाली. या वेळी महाराज आरतीस उभे राहिले, बुक्का लाविला, प्रसाद घेतला, आणि लाकडांकडे चालत गेले. पंत बोलिले, "महाराज, हात लावू नये." महाराजांणी हात लाविला. लुगडे उचलोन गालास धरिले, आणि धरोन राहिले. मग एकेक काढिले. पट्टी निघाली, तेव्हा कोठीतून आणिलेली भागाई पुरुषांकडे पाठ करून बाईसाहेबांस बोलिली, "ही बाळंतपणानंतर पोट बांधायला. पुरचुंडीत बाळंतशोपा, वेखंड, आळीव." तळाशी एक कुंची निघाली, तान्ह्याचे डोईस घालावयाची, पाठीवर झोल सोडलेली, रंग कोणता होता ते सांगवत नाही. तिचा एक कोपरा चघळून चघळून झिजला होता. महाराजांणी त्या कोपऱ्यावरून बोट फिरविले.

भागाईचे पुरुषांशी न बोलणे येथे संपले. बोलिली, "ते दात तुमचेच. वहिनीसाहेब म्हणायच्या, हा पोर पुढे राज्य खाईल की नाही ठाऊक नाही, कुंची तर आत्ताच खातोय."

महाराज हळूच बोलिले, "आणि हे जोडे?"

"तुमच्यासाठी. तुमच्या वहाणा नदीपलीकडे ऐकू येतात. लेकरू नुकतं निजलेलं असेल आणि तुम्ही करकर करत पाहायला याल, हे त्यांना तिथे बसून ठाऊक. म्हणाल्या, बाळाला सगळे देतील, बापाला कोणी काही देणार नाही."

मग महाराजांणी वहाणा तेथेच लाकडांवर ठेविल्या, जोडे पायी घातले, आणि घोडदळ न घेता, पालखी न घेता, उतारातून नदीपार गेले. गढीचे अंगणात लाडूबाईसाहेब पाठमोऱ्या बैसोन ओले दुपटे पिळीत होत्या. महाराज अगदी मागे जाऊन उभे राहिले तरी चाहूल लागली नाही. खाकरले, तेव्हा त्या दचकून बोलिल्या, "कोण रे चोरा?"

"मी, वहिनी."

त्यांणी तोंड पाहिले नाही, आधी पाय पाहिले. "जोडे बरोबर बसले म्हणायचे. पण तूच कशावरून? तुझं रूप घेऊन दुसराच कोणी आला असेल. पालखीचा पुढचा खांदा थोरल्या भावाला देशील का सांग."

"तो नाही देणार."

"मग तूच," असे म्हणोन लाडूबाईसाहेब उठल्या, आणि पिळलेले दुपटे तसेच खांद्यावर टाकून दिराबरोबर निघाल्या.

पुढे बाईसाहेब सुखरूप बाळंत जाल्या, एक हात जाऊबाईंचे हाती होता. कन्यारत्न जाले. त्याच विटक्या लुगड्यात गुंडाळिले, आणि कन्या ऐसी रडली की मानसिंगरावांस पलीकडे ऐकू आले आणि ते बोलावण्याची वाट न पाहता आले. चांदीचा पाळणा अद्यापि कोठीत आहे. जोत्याजी दुपारी तपास करावयास जातात आणि तेथेच निजतात. पंतांची चौकी उठली नाही, परंतु पारख उलटी जाली. आता कोणी नवे, कडक, झगमगीत घेऊन आला तर त्यासच वेशीत बसवून पुसतात, हे एकदा तरी धुतले आहे काय, आणि तुमचा हेतू काय? जुनेर घेऊन आलेली म्हातारी मात्र सरळ आत जाते.

येणेप्रमाणे गाठोड्याची सुटका जाली आणि घरास घर लागले. पालखीचा तंटा चालू आहे. आणि देवळात कीर्तन चालले असता कोणी आरतीआधी उठू पाहील तर महाराज मऊ जोड्यांनी मागोन येतात, खांद्यावर हात ठेवितात, आणि म्हणतात, "बसा. अजून संपलं नाही."